गार होण्यासाठी तापायचं

दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून कढत पाण्याने अंघोळ झाली, फराळ झाला, की दहा-साडेदहाला घरातली निम्मी माणसं सतरंजीवर आडवी झालेली असतात. आपण त्याचं खापर चकल्या-करंज्यांवर आणि पहाटे उठण्यावर फोडतो. त्यात थोडा वाटा त्या कढत पाण्याचाही असतो. गरम पाण्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं रक्त बाहेरच्या बाजूला येतं आणि आपली उष्णता हवेत सोडून देतं. त्यामुळे कढत पाण्याने नाहिलेला माणूस तास-दीड तासाने आतून थोडा गार झालेला असतो. शरीराचा गाभा गार व्हायला लागला, की मेंदू झोपेच्या तयारीला लागतो. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या पाण्याने अंघोळ केली तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते, असं २०१९ मध्ये याविषयीच्या जुन्या प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्यांना दिसलं.

तापवलं की शरीर नंतर गार होतं, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. शरीर मुद्दाम तापवून नैराश्यावर उपचार करता येईल का, हे काही संशोधक तपासून बघताहेत. त्या उपचाराचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

निरोगी माणसाच्या शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. संध्याकाळी ते सगळ्यात जास्त असतं आणि रात्री झोपेत, पहाटेच्या आधी, एखाद्या अंशाच्या आसपास खाली येतं. तीव्र नैराश्य असलेल्या अनेकांच्या बाबतीत ही रात्रीची उतरण नीट होत नाही. ताप नसतो, थर्मामीटर लावला तर घरातलं कोणी काळजीही करणार नाही, पण शरीर रात्री जेवढं निवायला हवं तेवढं निवत नाही. बरं वाटायला लागलं की ही उतरणही पूर्ववत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अ‍ॅशली मेसन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये १०६ देशांतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. या लोकांच्या बोटात तापमान नोंदवणारी अंगठी होती. नैराश्याची लक्षणं जितकी जास्त, तितकं शरीराचं तापमान किंचित चढं, असं चित्र दिसलं. फरक अंशाच्या छोट्या भागाचा. नैराश्यामुळे शरीर तापतं, की न निवणाऱ्या शरीरामुळे नैराश्य येतं, की दोन्हींच्या मागे तिसरंच काही आहे, हे अशा पाहणीतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

तो प्रयोग अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चार्ल्स रेझन यांच्या गटाने नैराश्याचे तीसेक रुग्ण घेतले. अट अशी, की ते नैराश्यावरचं औषध घेत नसावेत. आपल्याकडच्या निसर्गोपचार केंद्रात वाफेची लाकडी पेटी असते ना, माणूस आत, मुंडकं बाहेर, डोक्यावर ओला पंचा, साधारण तसाच प्रकार, फक्त आडवा. रुग्ण तंबूसारख्या यंत्रात झोपतो, डोकं बाहेर. छातीवर अवरक्त किरणांचे दिवे, पायांकडे तापणाऱ्या तारा. शरीराच्या आतलं तापमान ३८.५ अंशांपर्यंत पोहोचलं की दिवे बंद. म्हणजे आपल्या जुन्या भाषेत एकशे एक ताप. मग रुग्णाने तासभर तिथेच पडून राहायचं आणि हळूहळू निवायचं.

हे एकदाच करायचं, रोज किंवा आठवड्यातून तीनदा नाही.

मला या प्रयोगातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली 'खोटी' बाजू. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, पण घाम खोटा कसा काढणार? त्यांनी निम्म्या रुग्णांना त्याच यंत्रात झोपवलं, नारिंगी दिवे लावले, पंख्यांचा घूं-घूं आवाज ठेवला, थोडीशी ऊबही दिली, पण ताप चढू दिला नाही. नंतर विचारलं तर या गटातल्या दर दहांपैकी सात जणांना वाटत होतं की आपल्याला खरा उपचार मिळाला. म्हणजे 'काहीतरी भारी यंत्रात झोपून आलो' याचा जो मानसिक फायदा असतो, तो दोन्ही गटांना जवळपास सारखाच मिळाला. तरीही आठवड्याभराने, नैराश्य मोजण्याच्या हॅमिल्टन मापावर, खऱ्या उष्णतेच्या गटाचे गुण दुसऱ्यांपेक्षा सुमारे साडेसहाने जास्त उतरले होते. हा फरक सहा आठवड्यांनीही पूर्ण पुसला गेला नव्हता. हे माप ५२ गुणांचं असतं आणि त्यावर दोन-तीन गुणांच्या फरकासाठी औषध कंपन्या कोट्यवधी खर्च करतात. अर्थात तीस माणसं म्हणजे एका एसटीचीही गर्दी नाही, हेही विसरायचं नाही.

आता हे होतं कसं? आपल्या कातडीत ऊब ओळखणारे मज्जातंतू आहेत. त्यांचा निरोप मणक्यातून मेंदूच्या देठापाशी जातो. तिथे सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे. कोलोरॅडोमधल्या क्रिस्टोफर लॉरी यांनी प्राण्यांवर केलेल्या कामातून असं दिसतं, की कातडी गरम झाली की या पुंजक्यातल्या ठरावीक पेशी जाग्या होतात. शरीर गार करण्याच्या कामात त्यांचा हात असतो आणि मनःस्थितीशी जोडलेल्या वाटाही तिथूनच जातात. नैराश्यात ही गार करण्याची यंत्रणा आळसावलेली असावी आणि एकदा जोरात तापवल्यावर ती खडबडून कामाला लागत असावी, असा हा कयास आहे. म्हणजे दिवे चालू असतानाचा काळ हा फक्त धक्का आणि खरं औषध नंतरचा निवण्याचा तास.

मनाच्या आजारावर ताप हा उपाय तसा नवा नाही. व्हिएन्नातल्या युलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये मेंदूपर्यंत पोहोचलेल्या गुप्तरोगाच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. ताप चढू द्यायचा, मग क्विनाइनने उतरवायचा. काही रुग्ण बरे झाले, काही मलेरियानेच गेले. यासाठी त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं. तिथे ताप जंतूंना मारत होता, नैराश्याशी त्याचा संबंध नाही. पण उष्णतेची मात्रा असते आणि ती चुकली तर माणूस दगावतो, हे तिथेच दिसलं होतं.

ज्यांच्याकडे लाखोंचं यंत्र नाही त्यांच्यासाठी जर्मनीतलं फ्रायबुर्ग जास्त जवळचं. तिथे नैराश्याच्या रुग्णांना ४० अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत अर्धा तास बसवलं आणि नंतर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. आठवड्यातून दोनदा. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला व्यायाम दिला, कारण सौम्य-मध्यम नैराश्यावर व्यायामाचा उपयोग होतो हे माहीत आहे. दोन आठवड्यांत अंघोळीचा गट पुढे होता. पण खरी बोलकी गोष्ट वेगळीच होती. व्यायामाच्या गटातले निम्म्याहून जास्त लोक मधूनच गळाले, अंघोळीच्या गटातले फक्त दोन. नैराश्यात असलेल्या माणसाला 'जरा चालायला जा, बरं वाटेल' असं सांगून पाहिलेल्या प्रत्येकाला याचं नवल वाटणार नाही. ज्याला दात घासायला उठणं जड जातं तो धावेल कसा? पाण्यात पडून राहायला मात्र उत्साह लागत नाही.

मेसन यांच्याच गटाने २०२४ मध्ये उष्णता आणि समुपदेशन जोडून पाहिलं. बारा जणांनी उपचार पूर्ण केले, त्यातल्या अकरांना शेवटी तीव्र नैराश्याचं निदान लागू पडत नव्हतं. ऐकायला जोरदार आहे. पण बारा माणसं, तुलनेला दुसरा गट नाही आणि समुपदेशनाचा वाटा किती, उष्णतेचा किती, हे वेगळं काढता येत नाही. अशा बातम्यांचे मथळे वाचताना मी आधी माणसं किती होती ते बघतो.

उष्णतेचं नाव निघालं की फिनलंड येणारच. ५५ लाख लोकवस्तीच्या या देशात सुमारे तीस लाख सौना आहेत. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यांवर ओतलेलं पाणी, वाफ, अंगावर मारायला बर्चच्या डहाळ्या, मग तळ्यात उडी. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ पुरुषांवर वीस वर्षं नजर ठेवली, तेव्हा आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदय बंद पडून अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के कमी होतं. अर्थात, जो मुळात धडधाकट आणि निवांत आहे तोच रोज सौनात बसू शकतो, ही शंका इथे घ्यायलाच हवी. याच फिनलंडची दुसरी बाजू: सौनात होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांत माणूस प्यायलेला असतो. दारूने आधीच रक्तवाहिन्या सैल, शरीरातलं पाणी कमी, वरून वाफ. माणूस बाकावरच झोपी जातो आणि उठत नाही.

इथून व्यसनाकडे वळू या. इथे उष्णतेची गोष्ट बरीच गुंतागुंतीची आहे आणि बाजारात खोटेपणाही भरपूर आहे.

आधी एक विलक्षण आजार सांगतो. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी काही रुग्णांची नोंद केली. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणारी माणसं, पोटात मुरडा, थांबता न थांबणाऱ्या उलट्या आणि दिवसातून अनेकदा गरम पाण्याची अंघोळ. पाणी अंगावर असेपर्यंत बरं, बंद केलं की पुन्हा उलट्या. काही जण तासन्‌तास न्हाणीघरात, काहींची कातडी भाजलेली. शरीरात उष्णता ओळखणारं जे कुलूप आहे, तेच मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही उघडतं. म्हणून आता काही इस्पितळांच्या इमर्जन्सी विभागात अशा रुग्णाच्या पोटावर मिरचीच्या अर्काचं मलम चोळतात. त्याने उलट्या थांबायला मदत होते. पण आजार जातो फक्त गांजा सोडल्यावर. उष्णता लक्षण दाबते, व्यसन तिथेच राहतं. व्यसन आणि उष्णता यांच्या नात्यातलं नेमकं बोट ठेवायचं ठिकाण कुठलं असेल तर हे.

गर्द सोडणाऱ्यांच्या तोंडी 'टर्की' हा शब्द असतो. मात्रा बंद झाल्यावरचे ते भयंकर दिवस: अंगावर काटा, हुडहुडी, लगेच घामाच्या धारा, हाडं फुटल्यासारखी दुखणं. शरीराचा थर्मोस्टॅटच बिघडलेला असतो. तेव्हा कोमट पाण्याने अंग मोकळं वाटतं, हे खरं. मात्र दारू अचानक सोडणाऱ्याची गोष्ट अगदी वेगळी आणि ती घरातल्यांना माहीत असायलाच हवी. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर काही तासांतच हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, चढलेला ताप, धडधडणारं हृदय अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. या माणसाला आधीच घाम फुटलेला असतो, पाणी कमी पडलेलं असतं. त्याला 'घाम काढून दारू उतरवू' म्हणून वाफेच्या पेटीत बसवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. त्याची जागा इस्पितळात आहे, औषध आणि बी-वन जीवनसत्त्वासह.

उत्तेजक नशांचंही तेच. कोकेन शरीराचं तापमान चढवतं आणि गार होण्याची यंत्रणा बिघडवतं. न्यूयॉर्कमध्ये ज्या दिवशी पारा ३१ अंशांच्या वर गेला, त्या दिवसांत कोकेनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सरासरी ३३ टक्के जास्त होते, असं १९९८ मधल्या एका अभ्यासात आढळलं.

आणि 'डिटॉक्स'? घामावाटे नशेचं विष बाहेर टाकणारे सौनाचे कोर्स जगभर विकले जातात. दिवसाचे कित्येक तास बसवतात, सोबत जीवनसत्त्वांचे मोठे डोस. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि मीठ. दारूचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग यकृत फोडतं, घामातून जाते ती नावापुरती. शिवाय व्यसन हे शरीरात उरलेल्या कणांत नसतं. शेवटचा कण बाहेर पडल्यावर सहा महिन्यांनी जुन्या गुत्त्यावरून जाताना तलफ येते, ती कुठल्या घामाने जाणार?

अमेरिकेतल्या काही आदिवासी समाजांच्या व्यसनमुक्ती केंद्रांत घामाची झोपडी असते, आत तापलेले दगड आणि वाफ. तिथे उष्णतेइतकंच वजन वडीलधाऱ्यांचं, गाण्यांचं आणि अंधारात सगळ्यांनी एकत्र बसण्याचं असतं. २००९ मध्ये अ‍ॅरिझोनात एका प्रेरणादायी भाषणं देणाऱ्या माणसाने तोच प्रकार पैसे घेऊन केला आणि तिघे मेले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. झोपडी तशीच उभी केली होती, पण कधी थांबायचं हे जाणणारं तिथे कोणी नव्हतं.

निसर्गाचा उपयोग व्यसनात उष्णतेपेक्षा जास्त सरळ आहे, आणि त्यात भाजण्याची भीतीही नाही. तलफ ही लाटेसारखी असते. चढते, काही मिनिटं माथ्यावर राहते आणि ओसरते. तेवढी मिनिटं काढायची असतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ च्या पाहणीत, ज्यांना घरातून झाडं-हिरवळ दिसते त्यांना दारू, सिगारेट, चॉकलेट अशांची तलफ कमी वेळा आणि कमी जोराची येत असल्याचं दिसलं. दुसरा एक प्रयोग अधिक मजेशीर. आज थोडे पैसे की काही महिन्यांनी जास्त, असं विचारलं तर व्यसनी माणूस बहुधा 'आजच द्या' म्हणतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काहींना डोंगर-जंगलाची चित्रं दाखवत हे प्रश्न विचारले, काहींना इमारतींची. जंगल बघणारे थांबायला जास्त तयार होते. तीही नुसती चित्रं होती.

नैराश्यात याचा संबंध विचारांच्या रवंथाशी येतो. गाय चघळते तसा तोच विचार पुन्हा वर आणून चघळायचा: मी असं का केलं, माझ्याच वाट्याला का. स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली ३८ जणांना दीड तास चालायला पाठवलं, अर्ध्यांना गवत-झाडांतून, अर्ध्यांना मोठ्या रहदारीच्या रस्त्याकडेने. झाडांतून आलेल्यांचा रवंथ कमी झाला आणि त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागाची हालचालही मंदावली. रस्त्यावरून आलेल्यांत तसं काही नाही. पाय दोघांचे सारखेच चालले होते, म्हणजे हा नुसत्या चालण्याचा गुण नव्हता. रस्त्यावर लक्ष सतत ताणलेलं असतं, रिक्षा, हॉर्न, खड्डा. पानांची सळसळ लक्ष वेधते पण मागत काही नाही. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये यालाच 'वनस्नान' असं नाव दिलं. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःला जास्त ठीक समजत होते, मग ती एका दमात असोत वा रोज थोडी थोडी. पुण्यात टेकडी आहे, मुंबईत बोरिवलीचं उद्यान, गावाकडे देवराई. तिथे जायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

आता आपल्याकडचा प्रश्न. विदर्भात मे महिन्यात ४५ अंश फुकट मिळतात, मग सगळ्यांचं नैराश्य पळून का जात नाही? कारण उपचारात तापवणं थोड्या वेळाचं असतं आणि मग निवणं. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत रात्रीही निवायला मिळत नाही. जे शरीर आधीच रात्री गार होत नाही, त्याची उरलीसुरली वाटही बंद. झोप उडते, चिडचिड वाढते. मनाच्या आजारांच्या काही औषधांनी तर धोका आणखी वाढतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातून घामावाटे मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि त्याची विषबाधा होऊ शकते: हात थरथरणं, झोक जाणं, उलट्या. ट्रायहेक्सिफेनिडिल आणि काही मनोविकारविरोधी औषधं घामच कमी करतात. अशा माणसांनी सौना, वाफेची पेटी किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात डुंबणं आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. हृदयविकार आणि गरोदरपण यांनाही तोच नियम. कुंडात कोणी तुमचं तापमान मोजत बसत नाही.

संशोधक तमा कार्लटन यांनी २०१७ मध्ये भारतातल्या आत्महत्या आणि तापमान यांची जवळजवळ अर्धशतकाची आकडेवारी ताडून पाहिली. पिकांच्या हंगामात, २० अंशांच्या वर, एका दिवसाचा पारा एक अंशाने चढला तर देशात सरासरी सुमारे ७० आत्महत्या वाढतात. हंगामाबाहेर तेवढंच ऊन पडलं तर असा परिणाम दिसत नाही. म्हणजे इथे उष्णता कातडीतून मनात शिरत नाही, शेतातून शिरते. त्यावर कुठलंही स्नान पुरणार नाही.

मग घरी काय करता येईल? चालू असलेलं औषध मनाने बंद करायचं नाही, हे पहिलं. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. व्यसनासाठी १४४४६. एवढं झाल्यावर राहतो तो झोपेचा भाग. आपल्याकडे टब नसतो आणि बादलीभर पाण्याने एकशे एक ताप चढत नाही, त्यामुळे विस्कॉन्सिन घरी आणता येणार नाही. पण रात्री झोपण्याच्या तासभर आधी गरम पाण्याची अंघोळ, किंवा तेवढंही जड वाटत असेल तर निसर्गोपचारवाले सांगतात ते पादस्नान करून बघता येतं. बादलीत पोटऱ्या बुडतील इतकं पाणी, आधी कोपर बुडवून सोसेल एवढंच गरम, दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पाणी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. पाय कोरडे करा आणि खिडकी उघडी ठेवून आडवे व्हा.